जोडीस जोड : मुलांच्या फुटबॉलचे वयोगट

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात मावला येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंधरा दिवसांपूर्वी क्रीडा समितीच्या चिटणीसांचा मला निरोप आला. पुढील हंगामापासून ट्रस्टतर्फे मुलांचे फुटबॉल शिस्तशीर सुरू करावयाचे आहे, तरी मुलांचे वयाप्रमाणे गट कसे पाडावे यावर तुम्ही बोलावे, असा तो निरोप होता. मी म्हटले, मी गणिताचा मास्तर. फुटबॉल खेळलो तो तरुणपणी आणि तोही बेताचाच. त्यावर ते म्हणाले, "गट पाडणे हे गणितच नव्हे काय?" मलाही त्या वेळी तसेच वाटले. पण विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, या गणितात उत्तर चुकण्याआधी मांडणीच चुकलेली असते. आणि ती पुष्कळदा आम्हा मास्तरांच्या हातून चुकलेली असते. त्याविषयी मी पुढे सांगणार आहे.

प्रथम आपल्या मैदानाकडे पाहू. संध्याकाळी पाचच्या सुमारास कोणीही जाऊन पाहावे. सात वर्षांच्या पोरापासून सतरा वर्षांच्या गड्यापर्यंत तीस-चाळीस मुले एकाच चेंडूमागे धावत असतात. चेंडू पाच नंबरचा, म्हणजे मोठ्या माणसांचा. मोठी मुले खेळतात, मधली मुले ओरडतात आणि लहान मुले झुडपात गेलेला चेंडू आणून देतात. मी एकदा एका लहानग्याला विचारले, "आज तू काय खेळलास?" तो अभिमानाने म्हणाला, "सर, मी चार वेळा चेंडू आणला." त्याच्या दृष्टीने तेच फुटबॉल होते! असा चेंडू आणून देता देता तो दहा वर्षांचा होतो, कंटाळतो, आणि मैदानावर यावयाचा थांबतो. तो का थांबला हे कोणी विचारीत नाही, कारण त्याच्या जागी चेंडू आणावयास दुसरा आलेला असतो.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. त्याचे उत्तर आपल्या तालमीत फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कुस्तीच्या फडात प्रथम लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. वस्ताद दोन पोरांना समोरासमोर उभे करतो, खांद्याला खांदा लावून पाहतो, दंड चाचपतो, आणि मग म्हणतो, "हां, जोड बरोबर आहे." जोड बरोबर नसेल तर कुस्ती लागत नाही. बापाने कितीही आग्रह केला, पोराने कितीही शड्डू ठोकला, तरी वस्ताद ऐकत नाही. हलक्याला भारी गड्याशी लढविण्यात हलक्याचे हाड मोडते एवढेच नव्हे, भारी गड्याचेही नुकसान होते. कारण त्याला डाव शिकण्याची गरजच पडत नाही.

कोल्हापुरात तर या तालमींनीच फुटबॉल जवळ केला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून परका मनुष्य लाल मातीची कल्पना करील. पण आज त्या नावांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि पेठाच्या पेठा सामना पाहावयास लोटतात. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात भरली, तेव्हा आपल्या देशाच्या संघात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा होता.

आणि कोल्हापूरपर्यंत तरी कशाला जावे? आपला आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि हिंदुस्थानातील फुटबॉलचा सर्वांत मोठा वस्ताद त्या हैदराबादचाच. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत आणि १९६२ साली जकार्ताच्या सामन्यांत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये आपला संघ चौथा आला, तो त्यांच्याच शिकवणीखाली. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे जिंकला, तोही त्यांनीच घडविलेला. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा चित्रपट आला; येथील पुष्कळ मुलांनी तो पाहिला असेल. पण रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर होते, ही गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या धंद्यातला मनुष्य एवढा मोठा झाला याचा थोडा गर्व मास्तरांना करू द्यावा.

रहीमसाहेबांनी पोरांसाठी मोठ्या गमतीच्या स्पर्धा काढल्या. एका स्पर्धेत चेंडू घेऊन पळावयास बंदी. चेंडू आला की लगेच दुसऱ्यास द्यावयाचा. दुसरीत ज्या पायाने खेळण्याची सवय नाही त्याच पायाने खेळावयाचे. आणि आपल्या आजच्या विषयाला लागू अशी तिसरी, उंचीची मर्यादा ठरवून खेळविलेली स्पर्धा. त्या काळी मुलाची जन्मतारीख बहुतेक घरांतून कोणास धड ठाऊक नसे. पण उंची काठीने मोजता येते आणि काठी खोटे बोलत नाही. वस्तादाचा खांद्याला खांदा तो हाच. अम्मुगुडाचा एक गरीब मुलगा त्यांच्या नजरेस पडला. सरावाला येण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते, तेव्हा भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीमसाहेबांनी दिले. तो मुलगा म्हणजे पुढे ऑलिंपिक खेळलेला तुळशीदास बलराम. बलराम २०२३ साली वारले.

आता जन्मतारखेकडे येतो. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी एक विनंती करतो. ज्यांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे, त्यांनी मनातल्या मनात हात वर करावा. (हंशा.) पाहा, हसू आले याचा अर्थ हात पुष्कळ वर गेले. मराठी शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरांत पाहिले तर असे वाटेल की, आमची पोरे पावसाच्या तोंडावर बेडकांसारखी एकदमच जन्मास येतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा देशात १९६९ साली झाला, पण खेड्यातून आणि पाड्यातून तो पोचावयास फार वर्षे लागली. बाप पोराला घेऊन शाळेत येई. मास्तर विचारीत, "जन्म कधीचा?" बाप म्हणे, "कापूस वेचणीच्या दिवसांतला." मास्तर पोराकडे पाहत, दात पाहत, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत, आणि कान हाती लागला की १ जून लिहून मोकळे होत.

मीही ते केले आहे. मी नोकरीस लागून फार दिवस झाले नव्हते. एक कष्टकरी गृहस्थ आपल्या दोन मुलांना घेऊन आले. थोरला सहाचा असावा, धाकटा लहानखुरा. त्यांचे म्हणणे असे की, दोघांनाही एकदमच पहिलीत घाला; दोघे बरोबर येतील-जातील, आई मजुरीला जाते, धाकट्याला घरी पाहावयास कोणी नाही. मला त्यांची अडचण पटली. धाकट्याचे वय मी कागदावर वाढविले आणि १ जून लिहिले. थोरल्यालाही १ जूनच, एक वर्ष आधीचा. त्या वेळी मला वाटले, आपण एका घरावर उपकार केला.

तो धाकटा पुढे फुटबॉल फार सुरेख खेळू लागला. अंगाने लहान, पण चेंडू त्याच्या पायाला चिकटून राही. तो आठवीत असताना १४ वर्षांखालील मुलांची निवड निघाली. मी मोठ्या उमेदीने त्याचे नाव पाठविले, आणि ते परत आले. कागदावर त्याला चौदा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. त्याच्या आईजवळ लसीकरणाचे जुने कार्ड होते, ते काढून पाहिले तेव्हा खरे वय निघाले बारा वर्षे आणि नऊ महिने. दीड वर्ष मी माझ्या लेखणीने त्याच्या आयुष्यातून काढून घेतले होते. नियमाप्रमाणे त्याला १७ वर्षांखालच्या गटात खेळावे लागले. मिशी फुटलेल्या पोरांत हा खेळू लागला. पहिल्या पावसाळ्यातच एका धडकेत त्याच्या खांद्याचे हाड मोडले. हाड जुळले, मैदानावर मात्र तो पुन्हा आला नाही.

गेल्या जूनमध्ये तो आपल्या मुलीचे नाव घालावयास शाळेत आला. प्लास्टिकच्या पिशवीत जन्माचा दाखला नीट घडी करून आणलेला. तो माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "सर, तारीख यातली लिहा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

म्हणून वयोगटाच्या पद्धतीत सर्वांत आधी मी नोंद मानतो. मैदान, चेंडू, शिट्टी हे सारे त्यानंतर. नियम साधा आहे. त्या साली १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात जन्मलेली मुले एका वर्षाची समजावयाची. जगभर फुटबॉलच्या वयोगटांत बहुतेक हाच हिशेब चालतो. शालेय स्पर्धांतून १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. पण आपली खरी गरज चौदाच्या खालच्या मुलांची आहे, कारण तेथेच मुले गळतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ साली बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी गोल्डन बेबी लीग काढली, ती हेच ओळखून. तेव्हा आपण ८ पर्यंतचा, १० पर्यंतचा, १२ पर्यंतचा, १४ पर्यंतचा आणि त्यावरचा, असे पाच गट करावेत, अशी माझी सूचना आहे.

यातही एक मेख आहे. ज्याचा जन्म २ जानेवारीचा आणि ज्याचा ३० डिसेंबरचा, ते दोघे एकाच गटात येतात. वीस वर्षांच्या तरुणांत एका वर्षाचे काही वाटत नाही. आठ वर्षांच्या पोरात ते एक अष्टमांश आयुष्य होय. कॅनडात १९८५ च्या सुमारास बर्फावरच्या हॉकीतील निवडक खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेलेच फार निघाले. पुढे फुटबॉलमध्येही अनेक देशांत तसेच आढळले. जानेवारीचे मूल थोराड दिसते, म्हणून त्याला हुशार समजतात, म्हणून त्याला अधिक खेळवितात, आणि अधिक खेळल्याने ते खरोखरच हुशार होते! डिसेंबरचे मूल बाहेर बसून राहते. तेव्हा शिकविणाऱ्याने हजेरीपटात नावापुढे जन्ममहिना लिहून ठेवावा आणि बाहेर कोण बसते याकडे दर आठवड्यास एक नजर टाकावी.

वयाशिवाय अंगाची वाढही पाहावी लागते. बारा-तेराव्या वर्षी एक मुलगा एकाएकी ताडासारखा वाढतो, दुसरा दोन वर्षे तसाच राहतो. इंग्लंडातील मोठे क्लब अलीकडे कधीकधी वयाऐवजी वाढीप्रमाणे मुले एकत्र करून खेळवितात. म्हणजे वस्तादाची जोडच की! आपणही सरावात असे करावे. अंगाने मागे राहिलेल्या मुलाला आठवड्यातून एक दिवस खालच्या गटात खेळू द्यावे, थोराड मुलाला वरच्या गटात पाठवावे. मात्र बाहेरच्या संघाशी सामना असेल तेव्हा वय कागदाप्रमाणेच, त्यात इकडचे तिकडे नाही.

हे बजावून सांगण्याचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका गावी १४ वर्षांखालील अंतिम सामना आम्ही तीन गोलांनी हरलो. समोरच्या संघातील ज्या 'मुलाने' दोन गोल केले, तो सामना संपताच मोटारसायकलला लाथ मारून, मागे दोन मित्रांना बसवून निघून गेला. आम्ही पाहत राहिलो. पण खरी लाज मला पुढे वाटली. परतीच्या वाटेवर आमच्याच मंडळींपैकी एकाने मला विचारले, "सर, पुढच्या वर्षी आपणही एक-दोन दाखले जमवायचे का?" मी नाही म्हटले, पण उत्तर द्यावयास मला क्षणभर वेळ लागला, हेही येथे कबूल करतो.

वय चोरणाऱ्याला वाटते की, आपण स्पर्धेला फसविले. जागतिक संघटनेने २००९ च्या १७ वर्षांखालील स्पर्धेपासून मनगटाची एम. आर. आय. तपासणी सुरू केली आहे, तेव्हा वर जाऊन ते उघडे पडतेच. पण ते सोडून द्या. चौदाच्या गटात खेळणारा सोळाचा मुलगा अंगाच्या जोरावर जिंकतो, म्हणून चेंडू थांबविणे, पाहून देणे, दोन्ही पाय वापरणे, यातले काही शिकत नाही. अठराव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे होतात, आणि मग त्याच्याजवळ काहीच उरत नाही.

आता मैदान. नियमाचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. आपला नऊ वर्षांचा गोलरक्षक सव्वाचार फुटांचा. तो उडी मारूनही आडव्या दांड्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे ज्याने चेंडू उंच मारला त्याचा गोल झालाच. मग पोरे दुसरे काही शिकत नाहीत, लांबून उंच मारावयास शिकतात. म्हणून १० पर्यंतच्या गटांना बांबूचे, दहा फूट रुंद आणि सहा फूट उंच गोल पुरे. आणि हिशेब पाहा : १०० मीटर लांब व ६४ मीटर रुंद मैदान उभे-आडवे चिरले, तर ५० बाय ३२ ची चार मैदाने होतात. मोठ्या मैदानावर एका वेळी २२ मुले खेळतात, त्यातही अर्धी नुसती पळतात. चार लहान मैदानांवर पाच-पाच जणांचे आठ संघ, म्हणजे ४० मुले एकाच वेळी खेळतील आणि प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागेल. खर्च काय? सोळा बांबू आणि रेषांसाठी फक्की. १२ पर्यंतच्यांनी सात-सात जणांचा खेळ खेळावा, १४ पर्यंतच्यांनी नऊ-नऊ जणांचा, आणि पूर्ण मैदान त्यावरच्यांना. चेंडूचेही तसेच. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा. तो लहान पोराच्या पायाला धोंडा आहे. ८ पर्यंत तीन नंबर, १४ पर्यंत चार नंबर. डोक्याने चेंडू मारणे लहान गटांत बंद ठेवावे; अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना २०१५ पासून ती मनाई आहे.

आपली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात बुटाला शेर-शेर माती लागते आणि उन्हाळ्यात भेगांत घोटा मुरगळतो. म्हणून लहान गटांची जागा मुरूम टाकून आधी नीट करावी. मोठ्यांची नंतर झाली तरी चालेल. खरा हंगाम दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पुढे परीक्षा आणि मग ४५ अंशांचे ऊन. रमजान या दिवसांत आला तर रोजा धरणाऱ्या मुलांचा सराव इफ्तारच्या आधी हलका ठेवावा, एवढे तारतम्य सर्वांना आहेच.

मुलींविषयी दोन शब्द. बारा वर्षांपर्यंत मुलगे-मुली एकत्र खेळावयास अंगाच्या दृष्टीने काही अडचण नाही. त्यापुढे मुलींचा वेगळा गट लागेल आणि त्यासाठी एक शिक्षिका लागेल. ती मिळेपर्यंत थांबू असे म्हटले, तर त्या मुली तोवर स्वयंपाकघरात जाऊन बसतील. माझ्या माहितीत दोन भगिनी तयार आहेत. त्यांना घरून परवानगी मिळावी यासाठी विश्वस्तांनी स्वतः जाऊन बोलावे.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. खेळ केवळ सभासदांच्या मुलांसाठी ठेवावा असे काहींचे मत आहे. मी नुसता हिशेब सांगतो. सभासदांची मुले पाच गटांत वाटली, तर एकाही गटात धड दहा भरत नाहीत. मावल्याच्या मैदानावर मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी बोलणारी मुले आहेत. "दे, दे, इकडे दे" एवढे ती चारी भाषांतून समजतात. दार उघडे ठेवले तरच गट भरतील.

ढालीविषयी बोलून संपवितो. महोत्सवानिमित्त काही दात्यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ लहान मुलांसाठी फिरती ढाल देऊ केली आहे. त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. पण १२ पर्यंतच्या गटांना ढाल नको. ढाल आली की बाप रेषेवर येऊन ओरडू लागतात, दुबळे मूल बाहेर बसते, आणि दुसऱ्या वर्षी कोणी तरी दाखला घेऊन येतो. त्या पैशांत तीन नंबरचे चेंडू घ्यावेत आणि हवे तर त्यावर वडिलांचे नाव घालावे. ढाल कपाटात राहते. चेंडूवरचे नाव रोज संध्याकाळी पोरांच्या पायांत... (हंशा) ...नाही, पायांत नको. पण पोरांच्या तोंडी राहील. प्रत्येक मुलाने निम्मा वेळ तरी खेळलेच पाहिजे, हा नियम या गटांसाठी लेखी करावा आणि तो पाळला की नाही ते वरच्या गटातील मुलांनी वही घेऊन टिपावे. मोठ्या मुलांना पंचाचे काम शिकावयास तोही एक मार्ग आहे.

नोंदणी येत्या रविवारी सकाळी आठ वाजल्यापासून ट्रस्टच्या वऱ्हांड्यात होईल. मी स्वतः रजिस्टर घेऊन बसणार आहे. जन्माचा दाखला आणावा. नसेल तर लसीकरणाचे कार्ड आणावे, दवाखान्याचा कागद आणावा, तेही नसेल तर आईला घेऊन यावे. बापाला महिना आठवत नाही असा माझा अनुभव आहे. ज्याची तारीख कोणत्याही रीतीने ठरणार नाही, त्याला दोन शिक्षक आणि एक पालक मिळून जोड पाहून महिनाभरासाठी एका गटात घालतील, आणि तोवर त्याचा रकाना कोरा राहील. मी त्यात १ जून लिहिणार नाही. चेंडूंच्या वर्गणीची वही खजिनदारांकडे आहे, आणि बांबू कोणाच्या शेतात असतील तर त्यांनी आजच मला सांगावे.